शेवटाच्या आधी उघडायचं दार

माझं काम दार उघडण्याचं. त्यात लिहिण्यासारखं काय असतं, असं माझ्या सुनेलाही वाटतं. पण इतवारीच्या तोंडाशी असलेल्या त्या टॉकीजमध्ये लेडीज क्लासची गेटकीपर म्हणून मी म्हातारी झाले, आणि नागपुरातल्या कितीतरी बायकांनी सिनेमा कुठपर्यंत पाहायचा, हे माझ्या हातातल्या कडीवर होतं. माझे यजमान तिथेच तिकीटबारीवर होते. ते गेल्यावर मालकांनी मला ठेवून घेतलं. शाळेचं म्हणाल तर शाळा मी बाहेरूनच जास्त पाहिली. अक्षरं शिकले ती पोस्टरांवरून. त्यामुळे अजूनही मोठं अक्षर मी भराभर वाचते आणि बारीक आलं की दमते. बोलते तसंच लिहिते आहे, सांभाळून घ्या.

लेडीज क्लास म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगावं लागेल. हॉलच्या डाव्या अंगाला, पुरुषांच्या खुर्च्यांपासून उंच फळ्यांच्या आडोशानं तोडलेली बाकांची जागा. तिकीटबारी वेगळी, दार वेगळं, आणि ते दार बाजूच्या बोळात उघडायचं. आत अंधार झाला की मी बॅटरी घेऊन बायकांना बसवायची. कुणाचं लेकरू रडलं की बाहेर फिरवून आणायचं, कुणाला चक्कर आली की पाणी द्यायचं, दोघी जागेवरून भांडल्या की त्यांच्या मध्ये जाऊन बसायचं, हे सगळं त्याच पगारात. एक बाई तांदूळ निवडायला घेऊन यायची. पडद्यावर ऊन असलं की निवडायची, अंधाराचा सीन आला की मला म्हणायची, "बाई, त्याइले सांगा नं दिवा लावा म्हणून." दुसरी एक नुसती झोपायला यायची. मी एकदा उठवायला गेले तर शेजारणीनं माझा हात धरला. म्हणाली, "झोपू द्या वं तिले. घरी कोणी झोपू देत नाही." मग मी तिला कोपऱ्यातलं बाक राखून ठेवू लागले. सिनेमा बघायलाच यावं असा कुठे नियम होता?

नियम होता तो एकच, आणि तो पक्का होता. शेवटचं रीळ लागलं की केबिनमधून ऑपरेटर गफूरभाई घंटी वाजवायचे. घंटी झाली की मी लेडीजचं दार उघडायचं आणि सिनेमा संपायच्या आत बायकांना बाहेर काढायचं. त्याचं कारण होतं. बोळाच्या तोंडाशी हातगाड्या, टेम्पो, पुढच्या खेळाला आलेले लोक, आणि त्यात हॉलमधले सगळे पुरुष एकदम बाहेर पडायचे. एकदा एका बाईचं लेकरू त्या गर्दीत तुडवलं जाता जाता वाचलं. तेव्हापासून मालकांच्या वडिलांनी ही पद्धत पाडली. बायका आधी, पुरुष नंतर.

म्हणजे आमच्या टॉकीजमध्ये बाईमाणसानं शेवट असा पाहिलाच नाही. कुणाला त्याचं फार वाटायचंही नाही. घरी जाऊन नवऱ्याला विचारायचं, आणि तो जेवता जेवता म्हणायचा, "झालं लगन त्याइचं." दोघी जावा एकदा माझ्याकडे न्यायनिवाड्याला आल्या होत्या. एकीच्या नवऱ्यानं हिरो मेला म्हणून सांगितलेलं, दुसरीच्या नवऱ्यानं तो परत आला म्हणून. मी काय सांगणार? मी तर दार धरून बोळाकडे तोंड करून उभी असायची. पडद्याकडे माझी पाठ. इतकी वर्षं सिनेमाची नोकरी केली आणि एकाही सिनेमाचा शेवट माझ्या डोळ्यांनी पाहिला नव्हता.

सत्तरच्या सुमाराला आमच्याकडे दुपारच्या खेळाला एक जुनं हसायचं पिक्चर लागलं. ते दर दोन-चार वर्षांनी परत यायचं आणि दरवेळी चालायचं. नाव लिहीत नाही, उगाच कुणी शोधून पाहील आणि म्हणेल, एवढं काय त्यात. लग्नाच्या बँडात झांजा वाजवणारा एक गरीब माणूस असतो. परदेशात मेलेल्या कुण्या चुलत्याची इस्टेट एका सकाळी त्याच्या नावावर येते. मग काय, कधी न पाहिलेले नातेवाईक येतात. बायकोच्या अंगावर इतकं सोनं चढतं की पडलेला चमचा उचलायला तिला वाकता येत नाही. त्याला सोन्याच्या बटणांचा लांब कोट शिवतात, तो घालून तो बिचारा दारात अडकतो. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. मोठी जेवणावळ होते, त्याचेच जुने बँडवाले वाजवतात, सगळे त्याला खांद्यावर घेऊन नाचतात, आणि इथे गफूरभाईंची घंटी. बायका हसतच बोळात यायच्या. पुरुष मात्र मागून गुमसुम बाहेर पडायचे. मी एकदा गफूरभाईंना विचारलं की हे लोक असे का दिसतात. ते म्हणाले, "बाई, आप बाहर रहती हो, अच्छा है." मीही पुढे खोदलं नाही. तिकिटं जात होती, माझं काय.

त्याच दिवसांत शेषराव यायला लागले. बोळात माझ्या दाराला लागून चहाची टपरी होती, तिथे खेळ सुरू व्हायच्या आधी बसायचे. उमरेडकडचे, थोडी शेती आणि घरी हातमाग. त्यांची जमीन कोळशाच्या खाणीत गेली आणि जन्मात पाहिला नाही एवढा पैसा एकदम हातात आला. सक्करदऱ्याला पक्कं घर बांधायला काढलं होतं. पण माणूस असा बसायचा की जणू कुणाच्या मयतीहून आला आहे. ते पिक्चर त्यांनी एकट्यानं पाहिलं, मग परत पाहिलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी थट्टेनं म्हटलं की शेषराव, तुम्ही मालकांशी भागी करा आता. ते हसले नाहीत. कपाकडे बघत बोलले.

"पहिले घरी माग चाले, बाई. एवढी खटखट, तरी बी आमी दोघं बोलून राहायचो. ती कांड्या भरे, मी विणो. आता माग विकला. घरात माणसंच माणसं. तिच्याशी बोलावं म्हटलं तं मंधात कोणी ना कोणी बसलंच आहे."

मी म्हटलं, मग सांगा तसं तिला.

"मले तोंडानं नाही जमत जी. तिले हे पिक्चर दाखवतो. शेवट पाहिला म्हणजे तिले आपोआप समजन."

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. शेवट काय आहे हे मला कुठे ठाऊक होतं? आणि बायकांना आधी बाहेर काढतात, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? त्यांच्याकडे जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मध्ये दोरी, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं, आणि उठायचं सगळ्यांनी सोबत. आमच्या हॉलमध्ये फळ्यांच्या आडोशामुळे पलीकडचं दिसायचंच नाही. मलाही ते त्यांना सांगावंसं सुचलं नाही. पाणी ओलं असतं हे कुणी कुणाला सांगत नाही.

दोन दिवसांनी ते बायकोला घेऊन आले. तिचं नाव वच्छला. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, आणि हसली की पुढच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. सोबत दोघी भावजया. तिच्याबद्दल वाकडं लिहिलं तर माझी जीभ झडेल. ती पैशाला भुललेली नव्हती. लग्न झाल्यापासून माहेरचं कुणी तिच्या दारात आलं नव्हतं, गरिबाघरी दिली म्हणून. आता भाऊ आले, भावजया आल्या, राहू लागल्या. माझ्याजवळ बसून मला मुरमुरे देत तिनं हे सांगितलं आणि म्हणाली, "आता मले बी माहेर आहे वं बाई." तिला त्या पैशानं एवढंच घेऊन दिलं होतं, आणि ते तिला पुरे होतं.

घंटी झाली, मी दार उघडलं, बाया बाहेर आल्या. वच्छला आणि तिच्या भावजया बोळाच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. पदर खोचून वच्छला त्या सिनेमातल्या बाईची नक्कल करत होती, न वाकता चमचा कसा उचलायचा ती. पुरुष बाहेर पडले, त्यांत शेषराव आले. मी कडी लावत होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं.

त्यांनी विचारलं, "कसं वाटलं तुले?"

"भल्ली हासली जी मी. आपली वास्तू बी अशीच करू. तुमाले तसाच कोट शिवू."

"अन् शेवट?"

"शेवट तं भल्लाच झकास. पोट दुखून आलं माह्यं."

"शेवटाले हासू आलं तुले?"

"हासू नाही येईन तं काय रडू येईन?" असं म्हणून तिनं भावजयांकडे पाहिलं आणि तिघी परत हसल्या.

शेषरावांनी मान डोलावली. बस्स. मग रिक्षा ठरवायला गेले. तिच्या लेखी नाचगाणं हाच शेवट होता. आपण अर्धवट उठून आलो हे तिच्या मनातही नव्हतं, कारण आमच्याकडे सगळ्याच बाया तशा उठतात.

वास्तूला मला आग्रहाचं बोलावणं होतं. मी गेले. सक्करदऱ्याचं ते घर माणसांनी फुलून गेलं होतं. शेषरावांना खरोखरच कोट शिवला होता, काळा टेरिलिनचा, दुपारच्या उन्हात ते त्यात घामाघूम. पंगती उठत होत्या, बसत होत्या. वच्छला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बुंदीच्या परातींवर नजर ठेवून होती, मी तिच्या शेजारी पापड मोडत बसले होते. शेषराव हातात ताट घेऊन आले. ताट वाढलेलं होतं.

"जेवली का तू?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली की पहिले पाहुण्याइचं पाहा, तिकडे वरण पोचलं नाही.

ते तसेच उभे राहिले. परत म्हणाले, "वच्छला, जेवली का तू?"

"काय लावलं जी तुमी. पाहुणे काय म्हणतीन? जा नं."

यात वाईट काय होतं सांगा. ज्या घरात कार्य असतं त्या प्रत्येक घरात बाई हेच बोलते. मीही बोलले आहे. शेषरावांनी ताट कट्ट्यावर ठेवलं, आणि जाता जाता माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं त्यांना पाणी हवं आहे. मी उठेपर्यंत ते गेले होते. बर्फ आणायला गेले असतील, असं कुणीतरी म्हणालं. दिवे लागणीपर्यंत सगळे तेच म्हणत राहिले.

पोलिसात दिलं, उमरेडला माणसं पाठवली, खाणीच्या विहिरींमध्ये पाहिलं. पैसा जागच्या जागी होता, एक पैही नेली नव्हती. कोट खुर्चीवर होता. पुढच्याच हप्त्यात वच्छला एकटी माझ्या दाराशी आली. कुंकू मोठं लावलेलं, आणि चेहरा त्याच्या मागे कुठेतरी. खापरखेड्याला शेषरावांचे थोरले भाऊ पॉवर हाऊसमध्ये कामाला होते. शेषराव त्यांच्या क्वार्टरवर एक दिवस राहिले आणि पुढे निघून गेले. कुठे ते सांगितलं नाही. जाताना एवढंच बोलले होते. ते थोरल्या दिरानं येऊन तिला सांगितलं आणि तिला त्याचा अर्थ लागत नव्हता.

"ते म्हणाले, तिले शेवट दाखवला होता म्या. तिले हासू आलं. अन् मंग घरी बी तिनं तेच केलं." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "कोणता शेवट, बाई? म्या काय केलं?"

पिक्चर तेव्हा उतरलं होतं. रिळांच्या पेट्या मुंबईकडे गेल्या होत्या. मी तिला केबिनच्या जिन्याशी नेलं आणि गफूरभाईंना खाली बोलावलं. म्हटलं, त्या पिक्चरचा शेवट सांगा. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तेलाचे हात पुसत राहिले. मग सांगितलं.

नाच थांबतो. त्या माणसाला खाली ठेवतात. तो वाढलेलं ताट घेऊन बायकोकडे जातो आणि विचारतो, तू जेवलीस का. ती दुसरीकडे बघत म्हणते, आधी पाहुण्यांचं बघा. तो परत विचारतो. ती परत तेच म्हणते. मग तो सोन्याच्या बटणांचा कोट काढून खुंटीला लावतो आणि जुन्या सदऱ्यावर घराबाहेर पडतो. इकडे बायकोचा भाऊ तो कोट घालून बघतो. लोक ओरडतात, शेठ आले, शेठ आले, आणि त्यालाच खांद्यावर घेतात. बायको येते, कोटाकडे बघते आणि त्या कोटवाल्याच्या तोंडात लाडू घालते. माणूस बदलला हे कुणालाच कळत नाही. तो मात्र रस्त्यानं झांजा वाजवत एकटा चाललेला. समाप्त.

गफूरभाई शेवटचं वाक्य हळू बोलले. "बस, इतनाच है."

वच्छला जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "म्या हे पाह्यलंच नाही." आणि मग तेच पुन्हा पुन्हा. पाह्यलंच नाही. मी तिला घंटीचं सांगितलं, दाराचं सांगितलं. ती ऐकत होती. तिचा जीव त्या एका गोष्टीला लटकला. ते सापडले पाहिजेत, आणि त्यांना सांगितलं पाहिजे की म्या पाह्यलं नव्हतं. पाह्यलं असतं तर म्या हासली नसती. समजली असती.

त्यानंतर ती हेच काम करत राहिली. माझ्या सुटीच्या दिवशी मी दोन-तीनदा तिच्यासोबत गेले. खापरखेड्याला थोरल्या दिराकडे, मग कुणी सांगितलं म्हणून विणकरांच्या वस्त्यांमध्ये, कुठे मागाचा आवाज आला की ती दारात जाऊन वाकून बघायची, गर्दीत शिरली की एकेका माणसाचं तोंड निरखायची. भेटेल त्या प्रत्येकाला निरोप सांगून ठेवायची, दिसले तर एवढंच सांगा की तिनं शेवट पाहिला नव्हता. लोकांना वाटायचं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. भाऊ-भावजया काही दिवस राहिल्या, मग एकेक करून आपापल्या गावी गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांनी किती दिवस राहावं. त्या मोठ्या घरात ती एका खोलीत राहायची. भेटली की म्हणायची, "समजवून सांगितलं नं बाई, तं येतीन ते. त्याइचा राग खोट्यावर आहे." मी हो म्हणायची. माझ्या हातात दुसरं काय होतं?

काही वर्षांनी ते पिक्चर परत लागलं. पोस्टर चिकटवलं त्याच दिवशी मी तिला निरोप पाठवला. मलाच वाटलं, एकदा तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. शेषरावांनी जे दाखवायला आणलं होतं, ते उशिरा का होईना तिच्यापर्यंत पोचावं. मॅनेजरला न विचारता मी गफूरभाईंना सांगितलं, आज घंटी वाजवू नका. त्यांनी मान हलवली.

ती कोपऱ्यातल्या बाकावर बसली. चमचा, सोनं, दारात अडकणारा कोट, सगळ्याला ती गप्प होती. नाच सुरू झाला. नेहमीच्या बाया सवयीनं उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा, आज पूर्ण पाहून जा. त्या नवल करत बसल्या. मी पहिल्यांदा पडद्याकडे तोंड करून उभी राहिले.

ताट घेऊन तो आला. जेवलीस का, म्हणाला. वच्छलाच्या हातात पदराचा गोळा झाला होता. तो गेला. मग बायकोच्या भावानं कोट घातला, आणि तेव्हा मला कळलं की गफूरभाईंनी सांगताना एक गोष्ट सांगितली नव्हती, त्यांच्या ती लक्षातही आली नसेल. ते सगळं हसायचंच होतं. तो भाऊ एवढासा, कोट एवढा मोठा, बाह्या हाताच्या पुढे लोंबत होत्या, लोकांनी उचलला तर कोट वर आणि माणूस आतल्या आत खाली सरकलेला. नुसतं डोकं वर. बायको लाडू द्यायला आली तर तिला तोंड सापडेना. सगळा लेडीज क्लास खदखदून हसला. आणि त्यातच मला ते हसू ऐकू आलं, पुढच्या बाकापर्यंत जाणारं. किती वर्षांनी ऐकलं मी ते.

झांजा वाजल्या, दिवे लागले. मी तिच्याजवळ गेले. तिचं तोंड अजून हसण्यातच अडकलेलं, आणि डोळे माझ्यावर लागलेले.

"हासली मी, बाई," ती म्हणाली. "पाहून बी हासली."

मी म्हटलं, अगं सगळ्याच हसल्या, ते केलंच आहे तसं.

"आता ते भेटले तं मी त्याइले काय सांगू?"

मी जाऊन दार उघडलं. बाहेर बोळ पुरुषांनी गच्च भरला होता, हातगाडीवाल्यांच्या आरोळ्या, धक्काबुक्की. मी बायकांना म्हटलं, जरा थांबा, गर्दी ओसरू द्या. सगळ्या थांबल्या. वच्छला थांबली नाही. डोक्यावरून पदर घेतला आणि त्या गर्दीत शिरली. मी टाचा उंचावून बघत राहिले. ती एकाही माणसाच्या तोंडाकडे बघत नव्हती.